बुधवारचं कुणाला सुचलं?

लष्करात अधिकारी होण्यासाठी सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, मुलाखत द्यायला मी भोपाळला गेले होते. ती पाच दिवस चालते हे कळलं की लोक दोरावर चढण्याबद्दल, अडथळ्यांबद्दल विचारतात. पहिल्याच दिवशी चाळणी लावून बऱ्याच जणींना घरी पाठवतात, त्याबद्दल तर हमखास. मला मात्र त्या पाच दिवसांतल्या एका खोलीबद्दल लिहायचं आहे. टेबलाच्या अलीकडे मी आणि पलीकडे एक कर्नल, एवढीच माणसं. तिथं मला जे प्रश्न विचारले गेले, त्यांच्याइतकं नेमकं मला आजवर कुणीच काही विचारलेलं नाही. आज मी स्वतः माणसं निवडायला बसते, तेव्हा त्याच प्रश्नांचा आधार घेते.

मी नगर जिल्ह्यातली. नगरला रणगाडा दलाचं केंद्र आहे, त्यामुळे लष्करी गाड्या आमच्या लहानपणापासून रस्त्यावर दिसायच्या. बीएस्सी झाल्यावर सीडीएसची, म्हणजे सैन्यदलांच्या अधिकारी भरतीची, लेखी परीक्षा दिली. मुलींना त्यातून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जाता येतं. त्यासाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे १०० गुणांचे दोन पेपर असतात, आणि एसएसबीला २०० गुण. म्हणजे वर्ष-वर्ष पुस्तकांत डोकं घालून मिळवलेल्या गुणांइतकंच वजन या पाच दिवसांना.

झेलम एक्स्प्रेसनं भोपाळला पोचले. चाळणीतून पुढं गेल्यावर छातीवर नंबर लागला आणि त्यानंतर तोच आमची ओळख. माहितीचा एक लांबलचक फॉर्म भरून घेतात, त्याला तिथं पीआयक्यू म्हणतात. आईवडिलांचं शिक्षण किती, उत्पन्न किती, भावंडांत तुमचा नंबर कितवा, खेळ कोणते, छंद कोणते, कुठं काही जबाबदारी घेतली होती का. तुम्ही राहता त्या गावाची लोकसंख्या किती आणि ते जिल्ह्याचं ठिकाण आहे का, हेसुद्धा. लोकसंख्येच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. माझ्या नोकरीशी गावाच्या लोकसंख्येचा काय संबंध, ते तेव्हा कळेना. मुलाखतीत कळलं.

मुलाखतीच्या आधी मानसशास्त्राच्या चाचण्या झाल्या. चित्र ३० सेकंद बघायचं आणि ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, डोक्यात पहिलं येईल ते वाक्य लिहायचं. मग ६० प्रसंग आणि ३० मिनिटं. वेळ इतका तोकडा असतो की उत्तराला सजवायला सवड मिळत नाही. तुम्हाला तिघं जण तपासतात: लिहिलेलं वाचणारा मानसशास्त्रज्ञ, मैदानावर गटात काम करताना बघणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा. मनसा, वाचा, कर्मणा अशी ती वाटणी. शेवटच्या दिवशीच्या बैठकीपर्यंत हे तिघं उमेदवाराबद्दल आपसांत बोलत नाहीत. म्हणून एका ठिकाणी एक सोंग आणि दुसरीकडे दुसरं, असं करून फारसं निभत नाही.

मुलाखतीच्या आदल्या रात्री आमच्या खोलीत पाठांतर चाललं होतं. क्लासवाल्यांनी दिलेली उत्तरं. ‘माझा दोष असा की मी कामात फार गुंतून जाते.’ ‘देशसेवा हेच माझं ध्येय.’ त्या मुलींना मी नावं ठेवत नाही. हजारो रुपये भरून त्यांना हेच शिकवलं गेलं होतं. पण दुसऱ्या दिवशी यातला एकही प्रश्न मला कुणी विचारला नाही. देशासाठी काय कराल, हेसुद्धा नाही.

कर्नलनी आधी प्रवासाची चौकशी केली. तिकीट कुणी काढलं, शेजारी कोण बसलं होतं, त्यांच्याशी काय बोलणं झालं. मग आवाज न बदलता एका दमात एक भली मोठी साखळी समोर टाकली. दहावीपासून कुठं कुठं शिकलात, किती टक्के पडले, कमीजास्त का झाले, कोणते शिक्षक आवडले, कोणते आवडले नाहीत आणि का, जवळच्या मैत्रिणी कोण, आज त्या काय करतात, तुमच्यातलं त्यांना काय खटकतं, अभ्यासाबाहेर काय केलंत, कशाची जबाबदारी घेतलीत, आणि ती घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

अशा वेळी सगळे प्रश्न लक्षात ठेवून क्रमानं उत्तरं द्यायची असतात. एखादा राहिला तर ते आठवण करून देत, चिडत नसत. इंग्रजीत अडले तिथं हिंदीत बोलले, तेही चाललं. साखळीत इतकं काही असतं की कुठल्या प्रश्नाला महत्त्व आहे याचा अंदाज बांधता येत नाही, आणि माणूस खरं बोलत जातो. माझ्या बाबतीत ते शेवटच्या प्रश्नावर थांबले. कुणी सांगितलं होतं?

मी एसटीची गोष्ट सांगितली. आमच्या गावाकडे तालुक्याहून संध्याकाळची गाडी पावणेपाचला सुटायची. आमची प्रॅक्टिकल्स पाचला संपायची. पुढची गाडी साडेसातची. म्हणजे एकतर प्रॅक्टिकल अर्धवट सोडायचं किंवा अंधारात घरी पोचायचं. दोघींच्या घरी कॉलेज बंद करण्याची भाषा सुरू झाली होती. मी त्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांच्या मुलींची यादी केली. पास कुणाकडे आहे, कोणत्या वारी प्रॅक्टिकल असतं, सगळं मांडलं. प्राचार्यांचं पत्र घेतलं आणि आगार व्यवस्थापकांना अर्ज दिला. गाडी सव्वापाचची झाली.

क्लासमध्ये सराव करताना ही गोष्ट सांगितली की ‘छान, यातून नेतृत्व दिसतं’ असं म्हणून पुढच्या प्रश्नाकडे जात. कर्नल पुढं गेलेच नाहीत.

अर्ज कुणाच्या हस्ताक्षरात होता? आगारात कुणाला बरोबर नेलंत? त्याच दोघी का? मी सांगितलं, एक चांगली बोलणारी होती आणि दुसरीचं कॉलेज बंद होणार होतं, तिनं ते स्वतःच्या तोंडानं सांगणं गरजेचं होतं. तिच्या घरचे चिडले नाहीत? चिडले. मग? मग माझी आई तिच्या आईकडे जाऊन बसली. आईला तुम्ही सांगितलंत की त्या आपणहून गेल्या? मी सांगितलं. वडिलांना हे कधी कळलं? आगारात जायच्या आधी.

मग त्यांनी विचारलं, पावणेपाचच्या गाडीनं तुमच्या आधीपासून जे लोक जात होते, त्यांचं काय झालं?

अजूनही मला हा त्या मुलाखतीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो. एखादी गोष्ट पुढं होऊन करणारं माणूस बहुतेकदा कुणाची तरी सोय बिघडवतं. ती कुणाची, हे त्याच्या ध्यानात आलं होतं का? आमच्या त्या गाडीला भाजी विकून परतणाऱ्या बायका असायच्या. बाजाराचा वार बुधवार. अर्धा तास उशीर म्हणजे त्यांची धारेची वेळ चुकायची, आणि संध्याकाळचं दूध वेळेत डेअरीला गेलं नाही तर ते घरातच राहायचं. म्हणून बुधवारी गाडी जुन्याच वेळेला ठेवायची असं ठरलं. बुधवारी आमचं प्रॅक्टिकल नसायचं.

‘बुधवारचं कुणाला सुचलं?’

मी म्हणाले, मला नाही. गाडीत माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मावशींना. मी यादी करतेय हे बघून त्यांनी विचारलं होतं, ‘बुधवारी तर तू लवकर सुटतीस ना? मग बुधवार आम्हाला ठेव की.’ अर्जात ती ओळ मी नंतर घातली.

कर्नलनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग मावशींचं नाव विचारलं. मला ते माहीत होतं, त्या कुठल्या वाडीच्या तेही. शेवटी विचारलं, आज ती गाडी किती वाजता सुटते? सव्वापाचला, माझी चुलतबहीण आता त्याच गाडीनं जाते.

त्या प्रश्नांचा मी पुढं खूप विचार केला. गोष्ट ऐकून कुणालाही एखादीच्या अंगी पुढाकार आहे असं वाटू शकतं. पण उसनी गोष्ट दोन-तीन प्रश्नांच्या पलीकडे टिकत नाही. खरोखर केलेल्या कामाला खर्च असतो, विरोध असतो, कुणाचं तरी नाव असतं, कुणाची तरी गैरसोय असते, आणि ते काम आज कुठवर आलं याची बातमी असते. करणाऱ्याला हे सगळं आठवतं, त्यासाठी घोकावं लागत नाही. शिवाय श्रेय कुणाचं या एका प्रश्नात माणूस किती खरा आहे ते कळतं, आणि त्याला ‘तुम्ही प्रामाणिक आहात का’ असं विचारावंही लागत नाही.

बाकीचे प्रश्नही साधेच होते. घरातला कोणता निर्णय तुमच्यामुळे बदलला? पहिल्यांदा स्वतः कमावलेले पैसे कशावर खर्च झाले? कोणत्या मैत्रिणीशी बोलणं बंद झालं आणि सुरू कुणी केलं? तुमच्या गटात कालपासून सगळ्यात चांगलं काम कुणाचं झालं? मी एका मुलीचा नंबर सांगितला. मैदानावरच्या कामात फळी तिच्या हातात होती, तरी दुसरीची युक्ती बरी आहे हे कळताच ती थांबली आणि फळी पुढं दिली. आणि हो, गावाची लोकसंख्या. कॉलेजात तुमच्या गावातून किती मुली जायच्या, असं विचारताना त्यांचं बोट फॉर्मच्या त्याच रकान्यावर होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मला शहरातल्या, पोहण्याचा तलाव आणि वादविवाद मंडळ असलेल्या शाळेतल्या मुलीशी मापत नव्हते. मला मिळालेल्या संधीतून मी काय केलं, हे बघत होते.

या पद्धतीचा उगम दुसऱ्या महायुद्धातला. ब्रिटिश लष्कर त्याआधी अधिकारी निवडताना घराणं आणि शाळा बघून थोडक्यात मुलाखत घेत असे. युद्धात माणसं जास्त लागू लागली आणि ती पद्धत तोकडी पडली, तेव्हा १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञांना सोबत घेऊन नवी निवड मंडळं उभी राहिली. १९४३ मध्ये तसं मंडळ आपल्याकडे डेहराडूनला आलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या संरक्षण खात्याच्या मानसशास्त्र संशोधन संस्थेनं ती पद्धत आपल्या माणसांसाठी घडवत नेली. अधिकाऱ्यात असाव्यात अशा १५ गुणांची यादी एसएसबीपुढे असते. पुढाकार त्यातला एक, जबाबदारीची जाण आणि सहकार्य हे आणखी दोन. पुढाकार आहे पण सहकार्य नाही असा माणूस लष्कराला नको असतो, आणि माझ्या मते तो कुणालाच नको असावा.

शेवटच्या दिवशी निवड झालेल्यांचे नंबर वाचले, त्यात माझा होता. वैद्यकीय तपासणीही पार पडली. पण त्या वाटेनं मुलींना दर वेळी वीसच्या आत जागा असतात, आणि अंतिम गुणवत्ता यादीत माझं नाव आलं नाही. त्याचं दुःख झालं, अजूनही होतं. त्या खोलीतल्या प्रश्नांबद्दलचा आदर मात्र तसूभरही कमी झाला नाही.

आता मी आमच्याच भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. कांदा आणि डाळिंबाचा व्यवहार आहे. खेडोपाडी जाऊन माल बघणारी, वजन करणारी, प्रतवारी लावून नोंद ठेवणारी मुलं-मुली आम्हाला सतत लागतात. बांधावर त्यांच्याकडे बघायला कुणी नसतं. एक चुकीची नोंद झाली की शेतकरी पुढच्या वर्षी दुसरीकडे माल घालतो. म्हणजे नेमका स्वभावच तपासायला हवा, आणि आमच्याकडे विचारलं काय जायचं? ‘कुणाचा तू?’ ‘किती टक्के?’ ‘एमएस-सीआयटी झालंय का?’ ‘गाडी आहे का?’ मुलगी असेल तर ‘लग्नाचं काय?’ हा शेवटचा प्रश्न मी पहिल्यांदा बंद करवला. त्याच्या उत्तरातून कांद्याचं वजन नीट होईल की नाही, हे काही कळत नाही.

मी एकच प्रश्न घेऊन बसायला लागले: गेल्या वर्षा-दोन वर्षांत कुणी न सांगता तू केलेलं एखादं काम सांग, लहान असलं तरी चालेल. आणि मग त्या कामाच्या तळापर्यंत जायचं. पैसे कुणी दिले, कोण नको म्हणालं, अडलं तेव्हा कुणाला विचारलंस, तू नसतोस तेव्हा ते कोण करतं.

एक मुलगा आला, कृषी पदवीधर, बोलायला फर्डा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचं सगळं आयोजन आपणच केलं म्हणाला. मुक्कामाला किती जण होते, तांदूळ कुठून आणला, शेवटच्या दिवशी काय उरलं आणि त्याचं काय केलं, असं विचारत गेले. प्रत्येक उत्तर ‘आमच्या टीमनं’ यावर येऊन थांबायचं. तो खोटारडा होता असं मी म्हणणार नाही. तो शिबिरात होता. पण शिबिर चालवलं होतं दुसऱ्या कुणीतरी.

आमच्या एका संचालकांनी रास्त शंका काढली. त्यांचं म्हणणं, अशा प्रश्नांना लाजरी पोरं काय उत्तर देणार? ज्यांना घराबाहेर पडायलाच मिळालं नाही, त्यांनी पुढाकार घ्यायचा कुठं? त्यांच्या बोलण्यावर मला पीआयक्यूतला लोकसंख्येचा रकाना आठवला. पुढं एक मुलगी आली आणि ती हेच म्हणाली, ‘मी तर काहीच केलं नाही, मॅडम.’ अर्जातही शिक्षणापलीकडे काही नव्हतं. मी विचारलं, घरात सकाळी पहिलं कोण उठतं?

‘मीच.’

‘का?’

‘आजीला शुगर आहे. जेवणाआधी इन्शुलिन द्यावं लागतं.’

मग एकेक गोष्ट निघत गेली. घरी फ्रीज नाही. उन्हाळ्यात औषध खराब होईल म्हणून तिनं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारलं, आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे मातीच्या मडक्यात, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून, बाटली ठेवायला सुरुवात केली. सुई रोज त्याच जागी टोचू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर डावी-उजवी बाजू लिहायची. विचारलं, तू परीक्षेला गेलीस की कोण देतं? ‘भावाला शिकवलंय. आधी आठवडाभर माझ्यासमोर द्यायला लावलं, मग गेले.’ हिला वाटत होतं की आपण काहीच केलेलं नाही. नोंद ठेवणं, जाणत्याला विचारणं, आपल्या माघारी काम अडू नये म्हणून दुसऱ्याला तयार करणं, आम्हाला लागणारं सगळं तिच्यात होतं. दार कुठलं ठोठवायचं, हे शोधणं माझं काम होतं. तेव्हापासून बाहेरचं काही सांगता आलं नाही की मी घराकडे वळते, शेताकडे वळते, गोठ्याकडे वळते.

या पद्धतीला वेळ लागतो, हे खरंच आहे. एका उमेदवाराला अर्धा तास तरी द्यावा लागतो, आणि बाहेर बाकावर बसलेली मुलं घड्याळाकडे बघत असतात. म्हणून मी सगळ्यांना एकाच वेळेला बोलावणं सोडलं.

गेल्या खेपेला बारावी झालेला एक मुलगा आला. रात्रपाळीला पेट्रोल पंपावर होता. त्याची गोष्ट अगदी छोटी. रात्री ट्रकवाले पंक्चरवाला कुठं मिळेल म्हणून विचारायचे, तर त्यानं आसपासच्या पंक्चरवाल्यांचे नंबर एका पुठ्ठ्यावर लिहून लावले होते. मालकाला विचारलंस? विचारलं, ते म्हणाले आत लाव, बाहेर नको. पंक्चरवाल्यांना विचारलंस? हो, एकजण म्हणाला रात्री बारानंतर फोन नको, म्हणून त्याच्यापुढं तसं लिहिलंय. नंबर बदलले तर? दर महिन्याला फोन करून बघतो. पुठ्ठा लावणारे पुष्कळ भेटतील. दर महिन्याला फोन करणारा मला हवा होता.

शेवटी मी सगळ्यांना विचारते तसं त्यालाही विचारलं, तुला काही विचारायचंय का? बहुतेक जण पगार विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. यानंही विचारला. मग थोडं थांबून म्हणाला, ‘माझ्या काट्यावरचं वजन आणि शेतकऱ्याच्या घरच्या काट्यावरचं वजन जुळलं नाही, तर कुणाचं धरायचं?’

आमच्याकडे याला ठरलेलं उत्तर नव्हतं. ज्याचा आवाज मोठा त्याचं धरलं जायचं. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं आणि विचारलं, तू काय करशील? तो म्हणाला, दोघांच्या समोर प्रमाणित वजन ठेवून दोन्ही काटे तपासावेत, आणि चुकीचा माझा निघाला तर आधीच्या शेतकऱ्यांकडेही परत जावं लागेल. संचालकांच्या पुढच्या बैठकीत मी हे जसंच्या तसं मांडलं आणि त्याचं नाव घेऊन मांडलं. आता प्रत्येक क्षेत्र कर्मचाऱ्याच्या गाडीवर पाच किलोचं शिक्क्याचं वजन असतं, आणि पावतीवर शेतकऱ्याचीही सही घेतली जाते. वजनं पुरवायला थोडा वेळ लागला. त्यानं दोनदा फोन करून आठवण केली.